दोष छापलेलं लेबल

ऐंशीचं दशक संपता संपता आपल्याकडे जे पीसी-एक्सटी आले, त्यांतल्या हार्ड डिस्कच्या पाठीवर एक लेबल असायचं. वर मॉडेल, सिरीयल नंबर आणि खाली दोन-तीन रकान्यांचा छोटा तक्ता: अमुक सिलिंडर, तमुक हेड. डिस्कच्या तबकड्यांवर कारखान्यातच सापडलेल्या खराब जागांची ती यादी होती. इथं आणि इथं दोष आहे, तिथं काही ठेवू नका, असं कंपनी माल विकतानाच मालाच्या अंगावर छापून सांगत होती.

सीगेटची एसटी-२२५ ही त्या पिढीतली सगळ्या हार्डवेअरवाल्यांच्या हाताखालून गेलेली डिस्क. २० एमबी, ६१५ सिलिंडर, ४ हेड, मिनिटाला ३६०० फेरे. कंट्रोलरचं कार्ड वेगळं, केबल दोन, एक रुंद आणि एक अरुंद. डिबग उघडून ‘जी=सी८००:५’ टाइप केलं की बऱ्याच कार्डांवर लो-लेव्हल फॉरमॅटचा प्रोग्राम सुरू व्हायचा आणि खराब जागा कोणत्या ते विचारायचा. डिस्क बसवण्याआधीच आम्ही लेबलावरचे आकडे वहीत उतरवून घेतलेले असत. एकजण मोठ्यानं वाचायचा, दुसरा टाइप करायचा. फॉरमॅटच्या आधी मशीन अर्धा तास नुसतं चालू ठेवायचं हाही शिरस्ता होता. धातू तापला की किंचित पसरतो आणि थंड डिस्कवर आखलेले ट्रॅक ती गरम झाल्यावर हेडला नीट सापडत नाहीत. डिस्क आधी तिच्या नेहमीच्या उष्णतेला येऊ द्यायची, मगच आखणी.

त्या काळच्या डिस्क जास्त टिकाऊ होत्या, असं मी म्हणणार नाही. नव्हत्याच. मशीन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायचं तर आधी ‘पार्क’ची आज्ञा देऊन हेड बाजूला न्यावं लागे; ते राहिलं आणि धक्का बसला तर हेड थेट तबकडीवर आपटायचं. चार दिवस सुट्टी पडली की काही डिस्कची हेडं गुळगुळीत तबकडीला चिकटून बसायची, मोटरला ती सुटायची नाहीत. मग डिस्क काढून, तळहातावर आडवी धरून मनगटाला एक हलका पण झटकन पीळ द्यायचा. सुटली तर लगेच सगळं फ्लॉपीवर उतरवून घ्यायचं. असं करणारी माणसं प्रत्येक पेठेत एक-दोन तरी होती आणि त्यांच्या मनगटाला खरोखर किंमत होती.

मी तेव्हा पुण्यात नारायण पेठेतल्या एका डीटीपी केंद्रातली मशीनं सांभाळायचो. व्हेंचुरा आणि पेजमेकरचे दिवस, पुढे श्रीलिपी आली. वर्षभर लग्नपत्रिका, अहवाल आणि पाठ्यपुस्तकं चालायची, पण भाद्रपद सरला की दिवाळी अंकांची घाई सुरू व्हायची आणि मग डिस्कची खरी परीक्षा. नुसत्या मजकुराला जागा लागतेच किती? आख्ख्या अंकाचा मजकूर एका फ्लॉपीत मावायचा. अडायचं ते मुखपृष्ठावर. ए-फोर आकाराचं चार रंगांतलं पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं की फाइल सुमारे ३५ एमबीची होते. चाळीस एमबीची डिस्क असलेल्या मशीनवर ती उघडायची कशी आणि साठवायची कुठं? म्हणून रंगीत काम करणाऱ्यांनी स्कझी कार्ड आणि स्कझी डिस्क घेतल्या. १९९२ साली सीगेटनं बाराकुडा काढली, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी पहिली डिस्क. ती ज्याच्याकडे असे त्याच्याकडे शहरातली रंगीत कामं जात. डिस्क हा व्यवसायाचा कणा आहे, हे तेव्हा मालकालाही वेगळं सांगावं लागत नसे, कारण तिची किंमत बाकी निम्म्या मशीनइतकी असायची.

डिस्क निवडायची कशी, याचं उत्तर तेव्हा माणसांकडे असायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली. जिन्याखालच्या सहा फुटी दुकानात शेठ बसलेले, मागे फळीवर चंदेरी अँटिस्टॅटिक पिशव्यांची चळत. कॉनर, क्वांटम, मॅक्सटर, वेस्टर्न डिजिटल, सीगेट, आयबीएम, फुजित्सू, पुढे सॅमसंग. नावं इतकी की आज ती नुसती उच्चारली तरी त्या गल्लीचा वास येतो. “शेठ, प्रेसमध्ये दिवसभर चालवायची आहे, कोणती देता?” असं विचारलं की ते दोन पिशव्या पुढे करायचे. “ही घ्या साहेब, हिचा आरएमए इथंच होतो, पंधरा दिवसांत बदलून देतो. आणि ही बाहेरची आहे, बिलाशिवाय स्वस्त पडेल, पण गेली तर माझ्याकडे येऊ नका.” एवढं स्पष्ट बोलणारा दुकानदार मिळाला की माणूस वीस वर्षं त्याच दुकानाची पायरी चढायचा. टिकाऊपणाचा आकडा कोणालाच ठाऊक नसायचा. मागच्या महिन्यात कुठल्या मॉडेलच्या किती परत आल्या, हे मात्र शेठना तोंडपाठ असायचं. आज ज्याला सांख्यिकी म्हणतात ती त्यांच्या डोक्यात होती, आणि ती विचारणाऱ्याला फुकट मिळायची.

हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आजवर दोनशेच्या वर होऊन गेल्या. आता तीन उरल्या. १९९६ मध्ये कॉनर सीगेटकडे गेली. क्वांटमचा डिस्क-धंदा २००१ मध्ये मॅक्सटरनं घेतला आणि २००६ मध्ये मॅक्सटरच सीगेटच्या पोटात गेली. फुजित्सूचा तोशिबाकडे, सॅमसंगचा सीगेटकडे. आयबीएमनं हिताचीला विकलेला विभाग शेवटी वेस्टर्न डिजिटलकडे आला. या शेवटच्या साखळीत एक गोष्ट आहे, जी मला ‘कोणती कंपनी चांगली?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. २००० साली आलेली आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी ही त्या पिढीतली सगळ्यांत बदनाम डिस्क. इतक्या बंद पडल्या, की लोक तिला डेथस्टार म्हणू लागले आणि अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. हाच विभाग पुढे हिताचीकडे गेला, आणि दहा-बारा वर्षांनी बॅकब्लेझ या अमेरिकी साठवण-कंपनीनं आपल्या हजारो डिस्कचा हिशोब जाहीर केला तेव्हा सगळ्यांत कमी बंद पडणाऱ्यांत हिताचीच्या डिस्क होत्या. बदनामीही मॉडेलची असते आणि कीर्तीही मॉडेलचीच असते. नाव पाहून डिस्क घेणारा माणूस एक तर जुन्या रागावर घेतो, नाही तर जुन्या प्रेमावर.

सीगेटचंही तसंच. २००९च्या जानेवारीत त्यांच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या फर्मवेअरची चूक बाहेर आली. मशीन बंद करून चालू केलं की धडधाकट डिस्क अचानक ओळखूच यायची नाही. आतला डेटा शाबूत, पण दार बंद. कंपनीनं नवं फर्मवेअर दिलं, अडकलेल्यांचा डेटा काढून देण्याची सोयही केली. ‘सपोर्ट’ या शब्दात मी हे सगळं धरतो. वॉरंटी म्हणजे नुसती डिस्कच्या बदल्यात डिस्क. पण चूक झाल्यावर कंपनी ती कबूल करते का, दुरुस्त फर्मवेअर कोणालाही उतरवून घेता येतं का, सिरीयल नंबर टाकला की खरी माहिती मिळते का, हा त्याच्या पुढचा भाग आहे आणि तोच जास्त महत्त्वाचा आहे.

वॉरंटीची मुदत मात्र आपल्या डोळ्यांदेखत आखडली. २००४ मध्ये सीगेटनं घरगुती डिस्कनाही पाच वर्षांची वॉरंटी जाहीर केली होती. आम्ही ती गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचो. मग २०११चा पावसाळा आला. थायलंडमध्ये महापूर आला, बँकॉकच्या उत्तरेकडचे औद्योगिक पट्टे पाण्याखाली गेले, त्यात वेस्टर्न डिजिटलचे कारखाने आणि सगळ्यांनाच मोटर पुरवणाऱ्यांचे कारखाने होते. काही आठवड्यांत बाजारात भाव दुपटीच्या घरात गेले. त्याच डिसेंबरात दोन्ही मोठ्या कंपन्यांनी साध्या डिस्कची वॉरंटी कमी केली, काहींची तर एका वर्षावर आणली. पूर ओसरला, भाव उतरले, पण साध्या डिस्कला ती जुनी पाच वर्षं परत मिळाली नाहीत. तिथून पुढे पाच वर्षांची वॉरंटी हा वेगळा, महाग वर्ग झाला.

आणि आजचं सगळं निवडणं या वर्गांभोवती फिरतं. परवा कोल्हापूरचा एक तरुण व्हिडिओग्राफर आला होता. त्याच्या वडिलांच्या स्टुडिओतली मशीनं मी पूर्वी जोडून दिली होती.

“काका, वीस टीबीच्या घ्याव्या म्हणतोय. कोणती कंपनी चांगली?”

“कंपनीचं नंतर बघू. वर्षाला लग्नं किती घेतोस?”

“चाळीसेक.”

मग आम्ही कागद घेऊन बसलो. फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटनं होत असेल तर एका तासाचे ४५ जीबी होतात. सगळे कॅमेरे मिळून दहा तासांचं चित्रण धरलं तर एका लग्नाचे ४५० जीबी. ते डिस्कवर एकदा उतरवायचं, नीट उतरलं का ते पडताळायला एकदा वाचायचं, बॅकअपसाठी पुन्हा वाचायचं आणि एडिटिंगमध्ये निदान एकदा तरी सगळं फिरून पाहायचं. चार वेळा. म्हणजे एका लग्नापायी डिस्कमधून १.८ टीबी आत-बाहेर होतात. आता साध्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: वर्षाला ५५ टीबी कामाचा भार, आणि काहींवर वर्षाला २४०० तास चालू. २४०० तास म्हणजे वर्षातले ३०० दिवस रोज आठ तास. ५५ टीबी म्हणजे तीस लग्नं. लिहिणं आणि वाचणं दोन्ही त्यात मोजलं जातं. याचं काम साध्या डिस्कच्या मर्यादेबाहेरचं होतं, आणि वडिलांच्या जागी बसून तो तीन वर्षं साध्या डिस्कवरच काम करत होता. बंद पडल्या तेव्हा त्याला नशिबाचा दोष वाटला. दोष त्या अंगापेक्षा मोठ्या भाराचा होता.

नॅसच्या (नेटवर्कवर जोडायच्या साठवण-पेटीच्या) डिस्कना, म्हणजे सीगेटच्या आयर्नवुल्फला किंवा वेस्टर्न डिजिटलच्या रेड प्लसला, वर्षाला १८० टीबी आणि ३ वर्षांची वॉरंटी. त्यांच्यावरच्या प्रो आणि सर्व्हरच्या वर्गात, एक्सॉस, अल्ट्रास्टार किंवा तोशिबाच्या एमजी मालिकेत, ५५० टीबी आणि ५ वर्षं. सीसीटीव्हीच्या डिस्क वेगळ्याच. त्या अखंड लिहीत राहण्यासाठी केलेल्या असतात. एखादी फ्रेम गेली तरी चालेल, पण लेखन थांबू नये, असा त्यांचा बेत. एडिटिंगला त्या स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नयेत. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क ही २०१३ नंतरची गोष्ट. हवेपेक्षा विरळ वायू असल्यामुळे तबकड्यांना विरोध कमी, म्हणून त्याच उंचीत जास्त तबकड्या बसतात आणि उष्णताही कमी होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात या शेवटच्या गोष्टीचं मोल कळतं.

या वर्गांत आणखी एक फरक आहे, जो किमतीच्या पाटीवर कधीच दिसत नाही. साधी डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही की चिकाटीनं पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, कारण तिच्या मते ती एकटीच आहे आणि डेटाची दुसरी प्रत कुठंच नाही. पण रेड (RAID) रचनेत, म्हणजे डिस्कच्या गटात, चार डिस्क एकत्र असतात, तिथं ही चिकाटी नडते. कंट्रोलरला वाटतं डिस्क मेली, आणि तो धडधाकट डिस्कला गटाबाहेर काढतो. नॅसच्या डिस्क सातेक सेकंदांत हात वर करतात आणि दुसरीकडून वाचू देतात.

इथवर ठीक आहे. वर्ग आहेत, आकडे आहेत, माणूस हिशोब करून निवडू शकतो. पण लेबलानं सांगायचं तेच सांगितलं नाही तर? २०२० साली नेमकं हेच घडलं. जागा वाढवायला कंपन्यांनी एसएमआर नावाची पद्धत आणली. त्यात डिस्कवरचे ट्रॅक कोकणातल्या घरावरच्या कौलांसारखे एकावर एक किंचित चढवून बसवतात. खालचं एक कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात. तसंच इथं एक ट्रॅक पुन्हा लिहायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा लिहून ठेवायच्या संग्रहाला हे चालतं. सतत लिहिणाऱ्याला आणि रेड पुन्हा बांधणाऱ्याला अजिबात चालत नाही. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेत २ ते ६ टीबीच्या काही डिस्क अशा निघाल्या, आणि हे लेबलावर तर नव्हतंच, माहितीपत्रकातही नव्हतं. एका जाहीर चाचणीत साध्या ट्रॅकच्या डिस्कनी रेडचा गट पुन्हा बांधायचं काम सतरा तासांच्या आत उरकलं, तिथं या डिस्कला नऊ दिवसांहून जास्त लागले. नऊ दिवस, आणि तेवढ्या काळात दुसरी डिस्क गेली तर सगळंच गेलं. बोंब झाली, दावे झाले, मग कंपनीनं मालिका वेगळ्या केल्या: नुसती रेड म्हणजे एसएमआर, रेड प्लस आणि रेड प्रो म्हणजे सीएमआर, साध्या ट्रॅकच्या. आता दोन्ही मोठ्या कंपन्या कुठली डिस्क कुठल्या पद्धतीची ते जाहीर करतात. मला मात्र ते वर्ष आठवलं की राग येतो. एसटी-२२५च्या लेबलावर एकेका खराब जागेचा पत्ता छापणारा हाच धंदा तीस वर्षांत इथं आला होता.

खराब जागा आजच्या डिस्कमध्येही असतात, कारखान्यातच असतात. डिस्क त्यांची यादी पोटात ठेवते आणि आपल्याला दाखवत नाही. नव्यानं खराब झालेल्या जागा बदलून राखीव जागा वापरते, तेही परस्पर. तंत्र म्हणून हे उत्तम आहे, त्या वहीतल्या आकड्यांच्या दिवसांकडे परत जावं असं कोणीही म्हणणार नाही. पण त्यामुळे डिस्कची ओळख आपल्या हातातून गेली. पूर्वी कान होते. दुकानात शिरल्या शिरल्या कोणत्या टेबलावरची डिस्क कुरकुरते आहे ते कळायचं. टक्-टक् असा ठरावीक आवाज आला की लोक हातातलं काम टाकून फ्लॉपी शोधायचे. आज नॅस कपाटात बंद असतो, आणि बंद पडू पाहणाऱ्या बऱ्याच डिस्क काही आवाजही करत नाहीत.

कानाची जागा आता स्मार्टनं घेतली आहे. डिस्क स्वतःबद्दल जे आकडे नोंदवते ते. त्यातले मी तीन पाहतो: बदललेले सेक्टर, बदलायच्या प्रतीक्षेतले सेक्टर आणि वाचताच न आलेले सेक्टर. २००७ साली गूगलच्या तिघांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पार्श्वभूमीतल्या तपासणीत पहिली चूक सापडल्यापासून ६० दिवसांत ती डिस्क जाण्याचा संभव बिनचुकीच्या डिस्कपेक्षा ३९ पट, असं त्यांना आढळलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की बंद पडलेल्या कितीतरी डिस्कनी आधी कसलीच सूचना दिली नव्हती. म्हणून आकडे चांगले आहेत एवढ्यावर निर्धास्त होऊ नये, पण आकडे बिघडले की एक दिवसही थांबू नये.

माहितीपत्रकातला ‘सरासरी बिघाड-कालावधी’ मात्र बहुतेकांची दिशाभूल करतो. २५ लाख तास म्हणजे २८५ वर्षं! कोणतीही डिस्क २८५ वर्षं चालत नाही. त्या आकड्याचा खरा अर्थ असा की अशा हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर तीन-चार जातील. आणि तेही कागदावर. २००७ सालच्याच एका अभ्यासात कार्नेगी मेलनच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कची बदली-नोंद तपासली. माहितीपत्रकांप्रमाणे वर्षाला ०.८८ टक्क्यांहून कमी जायला हव्या होत्या; प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलल्या जाणं सर्रास होतं. आज बॅकब्लेझ दर तिमाहीला मॉडेलनिहाय आकडे देतं, वर्षाची सरासरी अलीकडे दीड टक्क्याच्या आसपास असते. त्यांचं थंड, स्थिर वीज असलेलं दालन आणि आपलं दुपारी दोनदा वीज जाणारं गाव यांत अंतर आहे. तरी शेठच्या डोक्यात असायचा तो हिशोब आता जगभर कोणालाही फुकट वाचता येतो, ही खरी मिळकत आहे. त्या बाबतीत आजचं गिऱ्हाईक आमच्यापेक्षा भाग्यवान.

विजेचा विषय निघाला म्हणून सांगतो. भारनियमनाच्या वर्षांत मी पाहिलेल्या मेलेल्या डिस्कपैकी बऱ्याच डिस्कच्या यंत्रात दोष नव्हता. चालू लेखनात वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि स्वस्त पॉवर सप्लायनं तो झटका थेट आत पोचवला. आजही डिस्कवर चाळीस हजार घालणारा माणूस यूपीएसवर पाच हजार घालताना अडतो. क्रम उलटा हवा. धक्के आणि कंपनंही तशीच. २००८ साली ब्रेंडन ग्रेग या सन कंपनीतल्या अभियंत्यानं सर्व्हरमधल्या डिस्कच्या रांगेवर नुसतं ओरडून दाखवलं, आणि त्या क्षणी डिस्कचा प्रतिसाद मंदावलेला पडद्यावर दिसला. पूर्वी आम्ही डिस्कचा आवाज ऐकायचो. डिस्कही आपला आवाज ऐकते. म्हणून चार-आठ खणांच्या पेटीत शेजारणीची थरथर सोसणाऱ्या, त्यासाठी सेन्सर असलेल्या डिस्क लागतात, आणि ती पेटी साऊंड सिस्टीमच्या टेबलावर ठेवायची नसते.

राहता राहिलं पाठबळ. शेठची “माझ्याकडे येऊ नका” ही ताकीद आज कोणी देत नाही, आणि धोके मात्र तेव्हापेक्षा जास्त आहेत. सर्व्हरच्या वर्गातली डिस्क ऑनलाइन स्वस्तात मिळते. घरी आल्यावर सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की कळतं, ही सर्व्हर बनवणाऱ्याला घाऊक दिलेली आहे, तिच्या वॉरंटीशी कंपनीचा संबंध नाही. अमेरिकेतून गणपतीला येणारा भाचा दोन डिस्क बॅगेत घालून आणतो. वॉरंटी बहुधा जिथं विकली त्या प्रदेशापुरती असते, तेव्हा आधी विचारून घ्यावं. आणि २०२५च्या सुरुवातीला जर्मनीतून बातमी आली की हजारो तास चाललेल्या एक्सॉस डिस्क नव्या म्हणून विकल्या जात आहेत, स्मार्टमधले तास पुसून शून्य केलेले. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची आणखी एक नोंद असते, त्यात खरे तास सापडले म्हणून हे उघड झालं. कंपनी, मॉडेल, वर्ग सगळं बरोबर निवडूनही माणूस फसू शकतो. म्हणून पक्कं बिल, भारतातल्या अधिकृत वितरकाचा माल आणि पाकीट फोडल्याबरोबर सिरीयल नंबर आणि तास तपासणं, या तीन गोष्टी मी कुणालाही गाळू देत नाही. वॉरंटीत बदलून येणारी डिस्क बहुतेकदा दुरुस्त केलेली असते आणि तिला यायला दिवस लागतात. तेवढे दिवस काम थांबणार नाही याची सोय आपणच करायची.

कोल्हापूरच्या मुलाला शेवटी चार खणांचा नॅस घ्यायला लावला. चाळीस लग्नांचे वर्षाला ७२ टीबी, तेही चार डिस्कमध्ये विभागून, म्हणजे १८०च्या वर्गात त्याचं सहज भागलं असतं. तरी पाच वर्षांच्या वॉरंटीच्या घ्यायला सांगितल्या. जास्तीचे पैसे दोन वर्षांच्या निर्धास्तपणावर वाटले तर फार होत नाहीत, आणि वीस टीबीची एक डिस्क गेल्यावर रेड पुन्हा बांधायला सव्वा दिवस तरी लागतो, त्या सव्वा दिवसात उरलेल्या तिघींवर सगळा भार येतो. सगळ्या सीएमआर, दोन वेगवेगळ्या दुकानांतून दोन-दोन, म्हणजे एकाच लॉटचा दोष चौघींना लागणार नाही. पाचवी सुटी, तशीच पिशवीत. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे पुन्हा पुन्हा बजावून, बॅकअपच्या डिस्क त्याच्या घरी, स्टुडिओबाहेर.

“काका, आता चढवू का कालचं लग्न?” त्यानं डिस्क बसवल्याच्या संध्याकाळीच फोन केला. नाही म्हणून सांगितलं. सध्या चारही डिस्क काठोकाठ लिहून परत वाचून पाहण्याचं काम चालू आहे, त्याला अडीच दिवस लागतील. तोवर कालचं लग्न कार्डांवरच राहील.